एक तारीख आणि दिवाळीचा वायदा

गेल्या मार्चमधली गोष्ट. मीटिंगला बाकीची मंडळी यायची होती, पडद्यावर आम्ही दोघीच. माझी लिस्बनची सहकारीण वैतागलेली होती. घरमालकानं भाडं वाढवलं होतं आणि आता ती तेजो नदीच्या पलीकडे घर शोधत होती. ऑफिसला जायच्या दिवशी बोटीनं ये-जा करायची तयारी होती तिची. बोलता बोलता तिनं विचारलं, "तुला महिन्याला किती लागतात?"

मी एका दमात सांगितलं, "तीस हजार रुपये. म्हणजे सव्वातीनशे युरो."

ती गप्पच झाली. तिचं भाडंच याच्या तिप्पट होतं. मला, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. रात्री अकराला लॅपटॉप मिटला, माडीवरून खाली आले, पाठ टेकली आणि आठवायला लागलं. तीस हजारांत आहेर धरला होता का? नाही. इन्व्हर्टरची बॅटरी? वर्षाचे गहू? गेल्या आठवड्यात चुलत नणंदेच्या मुलाची भरलेली परीक्षा फी? बाराला उठून मोबाइलवर बेरीज केली, तर बावन्न हजार. आणि मार्च हा आमच्याकडचा तसा स्वस्त महिना.

मी मूळची चिंचवडची. लग्नानंतर पुण्यातच होतो. २०२०च्या टाळेबंदीत दोन आठवड्यांसाठी म्हणून तीन बॅगा घेऊन सासरी खामगावला आलो, ते आलोच. सासऱ्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्यांचे गुडघे थकले होते, नवरा दुकानात बसायला लागला आणि पुण्याचा फ्लॅट सोडला. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिण्याचं माझं काम. २०२१पासून ते लिस्बनच्या एका कंपनीसाठी करते, कंत्राटावर. जगाला सूचना लिहून देणाऱ्या बाईला स्वतःचा महिन्याचा खर्च सांगता येऊ नये, याची त्या रात्री जरा लाज वाटली. तेव्हापासून जे जे उमगत गेलं, ते असं.

१. भाडं वाचणं म्हणजे जागा फुकट मिळणं नव्हे. पुण्यात आम्ही चोवीस हजार भाडं देत होतो. इथे माडी रिकामी होती, असं सगळे म्हणत. रिकामी म्हणजे, तिथे सरकी ढेपेची पोती होती, मोडके फवारणी पंप होते आणि बियाणं कंपन्यांचे जुने फलक होते. वर पत्रा. पाऊस आला की मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना, लिस्बनला काय जाणार! छताला आतून अस्तर, नवं वायरिंग, खिडकी, टेबल धरून पंच्याऐंशी हजार गेले. त्यातूनही खताचा वास गेला नाही तो नाहीच. पण खरी पंचाईत पुढेच होती. ऑगस्ट २०२१मध्ये मी पाकिटात दहा हजार घालून सासऱ्यांपुढे ठेवले, घरखर्चाला म्हणून. एखादं गिऱ्हाईक फोडलेली बाटली परत करायला आलंय, अशा नजरेनं त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. "सूनबाई, घरात भाडं घेतेत का कोनी?" मी हट्टानं ठेवून आले. मग दर महिन्याला ठेवत गेले आणि आपण आपला वाटा उचलतोय म्हणून स्वतःवर खूश होत गेले. दीड वर्षानं दुकानात काहीतरी शोधताना खतावणीचं एक पान उघडलं. वर माझं नाव, त्यांच्या ठसठशीत अक्षरात. खाली जमा, जमा, जमा. 'नावे'चा रकाना कोरा. म्हणजे त्यांच्या लेखी मी आगाऊ पैसे ठेवून माल न उचलणारं एक विक्षिप्त गिऱ्हाईक होते! ते पान मी कुणाला न सांगता मिटलं. पाकीट चालूच ठेवलं.

२. इथे सगळं दोन दोन लागतं. पुण्यात नेट म्हणजे एक बिल, वीज म्हणजे एक बिल. इथे दोन कंपन्यांचं नेट घेतलंय, कारण एकाची तार रस्त्याच्या कामात तुटते तेव्हा दुसऱ्याची शाबूत असण्याची शक्यता असते. निदान तसं आपण मानायचं. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आहे. मोबाइलही दोन, दोन वेगळ्या कार्डांचे. लिस्बनकरांना वाटतं, मी फार शिस्तीची. शिस्त कसली, भीती आहे ती. पहिल्या वर्षी ऐन सादरीकरणात पडदा काळा झाला होता आणि मी अंधारात पाच मिनिटं मोठ्या उत्साहानं एकटीच बोलत होते. हा सगळा जोडधंदा महिन्याला सरासरी साडेतीन हजारांचा पडतो. त्या 'तीस हजारां'त मी धरले होते फक्त सातशे.

आवाजावर मात्र दोन काय, चार बॅटऱ्या बसवल्या तरी उपाय नाही. खामगावात कोजागिरीला मोठ्या देवीचा, जगदंबेचा उत्सव सुरू होतो. बाकी महाराष्ट्राची देवी बोळवून झाल्यावर आमची येते. एकदा मिरवणूक गल्लीत असताना माझी मीटिंग चालू होती. तिकडून काळजीनं विचारलं गेलं, "तिथे सगळं ठीक आहे ना? कसला जमाव आहे?" मी म्हटलं, "देवी आलीय." हे त्यांना नीट कळलं नसावं, कारण मला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली.

३. ऊन हा खर्चाचा स्वतंत्र रकाना आहे. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तिथे मे महिन्यातही रात्री बरी झोप लागते म्हणतात. आम्ही घाटाखाली. लिस्बनचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आमचे दुपारचे दीड. वऱ्हाडात शहाणा माणूस ज्या वेळी दार लावून आडवा होतो, नेमक्या त्या वेळी मी पत्र्याखाली कामाला बसते. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा काम अडीचला सुरू होऊन अकराला संपतं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात कुणीतरी काटा फिरवतं आणि खामगावात सासूबाईंच्या जेवणाची वेळ बदलते. त्या याला 'तुह्या साहेबायचं ग्रहण' म्हणतात.

आधी कूलर घेतला. कूलरला पाणी लागतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात टँकर बोलवायचा आणि त्यातलं पाणी कूलरला पाजायचं, हे सासूबाईंना पाहवेना, आणि खरं तर मलाही. म्हणून एसी घेतला, फक्त माझ्या खोलीत, फक्त कामासाठी. पहिल्याच मे महिन्यात माझं ऑफिस रात्री दहाला बंद झालं की सव्वादहाला तिथे सहा गाद्या पडायला लागल्या. सासू, सासरे, नवरा, मुलगी, सुट्टीला आलेली दोन भाचरं. विजेचं असं, की जितके युनिट जास्त तितका वरच्या युनिटांचा दर चढा. त्या महिन्याचं बिल सात हजार दोनशे आलं. कुणालाही 'माझ्या ऑफिसात झोपू नका' म्हणण्याची छाती मला झाली नाही. पुढच्या वर्षी मी स्वतःच गाद्या आधी घालून ठेवल्या.

४. चांगुलपणाचाही बाजारभाव असतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आमच्या गल्लीत महिन्याला आठशे मिळत. मी पुण्याच्या हिशेबानं पंधराशे द्यायला लागले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. महिनाभरात समोरच्या काकूंनी मला ओट्यावर गाठलं. "काहून वं, भाव काहून वाढवले? आम्ही कुठून आणू पंधराशे?" त्यांचं पेन्शन तेवढंच, आणि मावशींनी त्यांचं काम सोडलं होतं. मला वाटलं होतं हा व्यवहार मावशींत आणि माझ्यात आहे. तो सगळ्या गल्लीत होता.

लिस्बनच्या मैत्रिणीची तक्रार मला तेव्हा कुठे समजली. पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२२मध्ये परदेशासाठी काम करणाऱ्यांना तिथे राहायला खास व्हिसा सुरू केला. अट काय, तर तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई हवी. २०२५मध्ये तिथलं किमान वेतन महिना ८७० युरो होतं, म्हणजे व्हिसावाल्याला ३,४८० लागत. आता असा चौपटवाला जिथे घर बघायला येतो, तिथे एकपटवाल्यानं जायचं कुठे? नदीपलीकडे. अख्ख्या महानगराचा चाळीस युरोंचा मासिक पास तेवढा तिला परवडतो, त्यात बोटही येते. तिच्या शहरातल्या ज्या पाहुण्यांवर ती चिडते, तीच पाहुणी मी माझ्या गल्लीत झाले होते आणि हे तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मावशींचा पगार कमी केला नाही. काकूंची भांडी हल्ली त्यांची सूनच घासते आणि माझ्याकडे पाहून हसत नाही.

५. युरोत पगार म्हणजे दर महिन्याला वेगळा पगार. जुलै २०२२मध्ये युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला आला, तेव्हा एका युरोचे जेमतेम ऐंशी रुपये येत. २०२५च्या सप्टेंबरात तो शंभराच्या वर होता. काम तेच, मी तीच, रात्रीचं जागरणही तेच. घसरला तेव्हा मी जगाच्या अर्थव्यवस्थेला नावं ठेवली. चढला तेव्हा मात्र ती माझी कर्तबगारी वाटली. शिवाय बातम्यांतला भाव वेगळा आणि बँक आपल्या हातावर टेकवते तो वेगळा, मधल्या फरकाचा गूळ बँकेचा.

यात मी काही नवं करतेय असं मला वाटायचं. एकदा सासऱ्यांनी सहज सांगितलं, खामगावचं पोट पहिल्यापासून विलायतेच्या भावावर चालत आलंय. मग मी वाचलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली जलंबपासून खामगावला रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आले होते. गाठी बांधून कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जायचा आणि तिथला भाव तारेनं इथे यायचा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी इथला माणूस सकाळी उठून 'आज तिकडे काय भाव निघाला' हेच विचारत असणार. मी फक्त ते मोबाइलवर बघते. आणि पेरणाऱ्याच्या हाती भाव नव्हता तसा माझ्याही नाही.

६. कापून न आलेला पैसा आपला वाटतो. पुण्याच्या नोकरीत कर, भविष्यनिर्वाह निधी, विमा सगळं परस्पर कापलं जाई आणि मी उरलेल्यावर कुरकुरत असे. कंत्राटी कामात पूर्ण रक्कम खात्यात पडते. पहिल्या वर्षी मी ती पूर्ण रक्कम पाहून मुलीला सायकल, नवऱ्याला घड्याळ आणि सासूबाईंना खामगावच्या सराफ्यातून चांदीचं निरांजन घेतलं. चांदीसाठी नावाजलेल्या गावात राहायचं तर एवढं हवंच ना! आगाऊ कर नावाची काही चीज असते आणि तिच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च अशा तारखा असतात, हे मला पुढच्या वर्षीच्या जुलैत, व्याजासकट कळलं. आमचे सीए म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोकांसाठी सूचना लिहिता ना?" तेव्हापासून पैसे आले की तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात जातो आणि तो माझा नाहीच असं मी धरते. विमा स्वतःचा स्वतः घेतला. त्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला, एवढंच काय ते सुख.

७. महिना हे माप इथलं नाहीच. हे कळायला मला चार वर्षं लागली आणि इतर सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

माझा पगार एक तारखेला येतो. आमचं दुकान जूनमध्ये भरतं आणि दिवाळीला मोकळं होतं. मृग लागला की शेतकरी येतात, सोयाबीनचं बियाणं नेतात, खत नेतात, जुलै-ऑगस्टमध्ये फवारणीचं नेतात. निम्म्याहून अधिक उधारीवर. "सोयाबीन निंगू द्या, मंग देतो." सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणून वायदा दिवाळीचा. ज्याचा कापूस आहे त्याचा वायदा आणखी पुढे, संक्रांतीपर्यंत. तोवर कंपन्यांचे पैसे दुकानानं भरायचे. पहिल्या वर्षी मी पुण्याच्या जोरावर एक सुंदर तक्ता केला. कोणाकडे किती, किती दिवस झाले, तीस दिवसांवर गेलं की पिवळं, साठ दिवसांवर लाल. ऑगस्टमध्ये उघडला तर सगळा तक्ता कुंकवासारखा लाल! मी घाबरून नवऱ्याला म्हटलं, "दुकान बुडालं." सासरे लांबून बघत होते. म्हणाले, "तुमचा पगार एक तारखेले येते, म्हणून तुमाले वाटते का समद्यायचाच येते."

२०२४ साली मला त्याचा अर्थ पोटात कळला. सोयाबीनला सरकारचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली विकलं जात होतं. वायद्याच्या दिवाळीला लोक आले. रिकाम्या हातानं का होईना, पण आले. एक जण दोन किलो तुरीच्या शेंगा ठेवून गेला आणि "पुढल्या सालावर ढकला बावा" म्हणाला. सासऱ्यांनी वहीत रक्कम पुढे ओढली आणि त्याला चहा पाजला. व्याजाचा विषय निघाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, त्याच्या बापानं एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळातले पैसे पुढे दोन सालांनी आणून दिले होते. माझ्या तक्त्यात बापाचा रकाना नव्हता.

त्या वर्षी डिसेंबर ते मे घर माझ्या एक तारखेवर चाललं. मला वाटलं होतं मला त्याचा अभिमान वाटेल. प्रत्यक्षात मी चिडचिडी झाले. प्रत्येक खर्चाला 'हे माझे' असं मनात टिंब ठेवायला लागले. एकदा नवऱ्यानं नवी चप्पल आणली तर मी किंमत विचारली. त्यानं सांगितली, आणि चप्पल दोन महिने घातली नाही. त्या किमतीचा आकडा आजही मला पाठ आहे आणि तो मी लिहिणार नाही.

खर्चाचंही तसंच, तो महिन्यात मावत नाही. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरायचे, ते एकदम. मिरच्या, हळद, तूर, सगळं उन्हाळ्यात. सासूबाईंच्या कुरडया-पापडांना लागणारं सामान आणि चार बायांची मजुरी. पुण्यात मी पाच किलोची आटा पिशवी आणायची आणि त्याला काटकसर समजायची. इथे एप्रिलमध्ये लाखाच्या वर खर्च गेला आणि नोव्हेंबरात अठ्ठावीस हजारांत भागलं. सरासरी काढता येते, काढलीही. पण सरासरीचा महिना आमच्या घरात कधी उजाडलेलाच नाही.

गंमत म्हणजे हे मी लिस्बनच्या बाईला सांगितलं तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही. पोर्तुगालात नोकरदारांना वर्षाला चौदा पगार मिळतात. बारा नेहमीचे, एक उन्हाळी सुट्टीचा आणि एक नाताळचा. म्हणजे महिन्याच्या पगारात वर्ष बसत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी ते कायद्यात घातलं, आम्ही वहीत. कंत्राटी असल्यामुळे मला मात्र बाराच.

८. परदेशी पगाराची बातमी आपल्या आधी लग्नाला पोचते. पुण्यात वर्षाला तीन-चार लग्नं व्हायची, निम्म्यांना फोनवर शुभेच्छा. इथे लग्नसराईत एका दिवशी दोन दोन. आमच्या घराचा आहेराचा दर पाचशे एक होता. मी लिस्बनला लागल्याचं कळलं आणि सासूबाईंनी हळूच सुचवलं, "आता अकराशे बरे दिसतीन." दिसण्याचा खर्च! गणपती, देवी, भंडारा, क्रिकेटचे सामने, यांच्या वर्गणीची पोरं नवऱ्याकडे दुकानात पाचशेची पावती फाडतात आणि मग माडीकडे बोट दाखवून विचारतात, "वहिनींची वेगळी?" दोन वर्षं मी याला लूट म्हणत होते. मग माझ्या मुलीला रात्री ताप चढून फिट आली. नवरा मालाला अकोल्याला गेलेला. वर्गणीवाल्यांपैकीच एकानं गाडी काढली, दुसरा रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला, तिसऱ्यानं पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्याला दोन हजार द्यायला गेले. त्याचा चेहरा सासऱ्यांसारखा झाला. मी पैसे परत पिशवीत घातले. पुढल्या गणपतीत वेगळी पावती मागून घेतली.

९. शेगाव सतरा किलोमीटरवर असणं ही खर्चाची बाब आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला पुण्या-मुंबईचे नातेवाईक येतात. शेगावला उतरतात, दर्शन घेतात, कचोरी खातात आणि 'इतक्या जवळ आलोच आहोत तर' म्हणून आमच्याकडे मुक्कामाला येतात. नावही न ऐकलेल्या मावससासवा मी जेवू घातल्यात. पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव. लाखो माणसं रात्रीतून चालू लागतात, गाव दारात चहा-फराळ घेऊन उभं असतं आणि मोबाइलचं नेट मान टाकतं. पहिल्या वर्षी मी नेटसाठी तळमळले. आता त्या दिवशी रजा टाकते. पोहे आम्ही चाळीस किलो भिजवतो. हा खर्च कुठल्या रकान्यात जातो, हे मी विचारणं सोडलंय.

१०. 'घरीच असते' हे वाक्य महाग पडतं. "काय करते वं त्या डब्यावर दिवसभर?" असं शेजारच्या आजींनी विचारलं, तेव्हा मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग घरीच असते ना? जरासक दुधाचं पातेलं पाह्य." नवरा दुकानात असला की कामावर असतो, मी माडीवर असले की घरात. गॅस सिलिंडर, कुरिअर, मुलीचा अभ्यास, पाहुणे हे सगळं घरात असणाऱ्याच्या वाट्याला. त्याचे पैसे कुणी मोजत नाही. मीही मोजले नाहीत, नाहीतर लिस्बनला सांगितलेला आकडा उलटाच झाला असता. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. दाराला आतून कडी घातली तर लोक काळजी करतात.

११. दोन महिन्यांतून एकदा मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाते. काम काही नसतं. एका जुन्या मैत्रिणीबरोबर कॉफी पिते, पुस्तकांच्या दुकानात उभी राहते, मला कुणी ओळखत नाही अशा रस्त्यानं तासभर चालते. तिकीट, खाणं, दोन पुस्तकं धरून साडेचार हजार. हा खर्च मी कधी कुणापासून लपवला नाही आणि कमीही करणार नाही.

मागल्या जूनमध्ये कंपन्यांनी दुकानाकडे माल उचलण्याआधी रोख मागितली. मी सासऱ्यांना म्हटलं, "त्या पानावर माझे आहेत ना जमा? ते घ्या." त्यांनी चष्म्यातून वर पाहिलं, म्हणजे ते पान मी पाहिलंय हे त्यांना तेव्हा कळलं. काही बोलले नाहीत. वही काढली, तारीख घातली आणि 'नावे'च्या कोऱ्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं, २,००,०००. बाजूला बारीक अक्षरात : दिवाळी वायदा.

ऑक्टोबरात लिस्बनच्या मैत्रिणीनं पुन्हा विचारलं, महिन्याला नक्की किती लागतात, तिला कुठेतरी तुलना करायची होती. मी म्हटलं, वर्षाचं विचार, तेही दिवाळी होऊ दे मग.

पाडव्याला नवी वही उघडली. माझ्या पानावर वरच्या ओळीत मागील बाकी, जमा : ५,१०,०००. दोन लाख आदल्या संध्याकाळी परत आले होते.